जमेल तेवढं

ऑर्डेलमध्ये शुक्रवारच्या माशांच्या जेवणाला कधीच दर नव्हता. माजी सैनिकांच्या लीजन हॉलच्या दारात कॉफीचा रिकामा डबा, त्याच्या प्लास्टिकच्या झाकणाला सुरीनं पाडलेली फट, आणि त्या फटीत ज्यानं त्यानं आपापल्या ऐपतीप्रमाणे टाकायचं. ट्रॅक्टरच्या शोरूमचा मालक हार्लन ब्रूगी पन्नासाची नोट टाकायचा, आणि टाकण्याआधी ती चारचौघांना नीट दिसेल अशी धरायचा. खाण बंद पडल्यापासून घरी बसलेले दोघे भाऊ दोन-दोन डॉलर टाकायचे, एखाद्या आठवड्यात तेही नाही. ताट मात्र सगळ्यांना सारखं. माशाचे तीन तुकडे, बटाटे, कोबी आणि पांढऱ्या पावाचा एक तुकडा. चाळीस वर्षं हे असं चाललं होतं, आणि ह्यात कुणावर अन्याय होतो असं गावात कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

डबा धरायचं काम लायलचं. लायल स्टँकस, वय एक्केचाळीस, जन्मापासून डाउन सिंड्रोम, आणि तिशीनंतर फिट्स येऊ लागलेल्या. पण शुक्रवारी संध्याकाळी चार वाजता तो इस्त्रीचा शर्ट घालून डबा छातीशी धरून उभा राहिला की गावचा महापौर फिका पडायचा. येईल त्याच्यापुढे डबा धरून म्हणायचा, "जमेल तेवढं!" कुणी दहा सेंटचं नाणं टाकलं तरी "थँक्यू सर" आणि हार्लनची पन्नासाची नोट आली तरी "थँक्यू सर". दोन्ही थँक्यू एकाच मापाचे. हार्लनला ते थोडं लागायचं.

लायलची आई व्हर्ना आत कढईपाशी असायची. एकोणतीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती, त्यामुळे दोनशे माणसांचा मासा तळणं तिला किरकोळ होतं. वय त्र्याहत्तर, एक खुबा बदललेला, दुसरा बदलायला आलेला. त्या साली, म्हणजे २०२० मध्ये, कोरोनामुळे हॉलमध्ये बसून जेवायला बंदी होती. लोक गाड्यांमधून यायचे आणि खिडकीतून जेवणाचे डबे घेऊन जायचे. लायल मास्क लावून गाड्यांच्या रांगेतून फिरायचा. "जमेल तेवढं!" त्याचा आवाज कढईच्या चर्रमधूनही व्हर्नाला ऐकू यायचा, आणि तो आला की तिचा जीव भांड्यात पडायचा.

लायल आईजवळ राहत नव्हता. सहा वर्षांपूर्वी न्हाणीघरात त्याला फिट आली, तो टब आणि भिंतीच्या मध्ये अडकला, आणि व्हर्नाला तो उचलता येईना. दोन तास ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन फरशीवर बसली होती. त्यानंतर त्याला वॉलनट स्ट्रीटवरच्या घरात जागा मिळाली. चार जण, त्यांना सांभाळायला दिवसरात्र कुणी ना कुणी, आणि आईच्या घरापासून अकरा मिनिटं चालत. व्हर्ना खुब्यामुळे वीस मिनिटं घ्यायची. रोज जायची.

ऑगस्टमध्ये संस्थेचं पत्र आलं. हे घर चालवायला राज्य जे पैसे देतं त्यात माणसं मिळत नाहीत. राज्यानं दर वाढवला नाही तर वसंतापर्यंत वॉलनट स्ट्रीटचं घर बंद करावं लागेल, आणि राज्य म्हणतं आमच्याच खिशात खडखडाट आहे. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, नोव्हेंबरमधल्या मतदानाकडे आमचे डोळे लागले आहेत.

आता हे मतदान काय होतं, तर इलिनॉयमध्ये गरीब असो की गडगंज, राज्याचा आयकर सगळ्यांना एकाच टक्क्यानं. राज्याच्या घटनेतच तसं लिहिलेलं. ते कलम बदलून जास्त कमावणाऱ्याला जास्त टक्के लावता यावेत का, एवढाच प्रश्न. हो किंवा नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी गाड्या निघून गेल्यावर हार्लन मागच्या दारानं स्वयंपाकघरात आला. त्याच्या हातात एक चकचकीत पत्रक होतं. हा हार्लन काही वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. व्हर्नाच्या दारातला बर्फ दर हिवाळ्यात तोच ट्रॅक्टर घालून बाजूला करायचा, आणि लायलच्या डोक्यावरची हिरवी टोपी त्याच्याच दुकानची होती. तो आणि व्हर्ना पहिलीपासून एका वर्गात.

"हे वाचलंस का गं?" तो म्हणाला. पत्रकावर एक म्हातारी कपाळाला हात लावून बसली होती. खाली मोठ्या अक्षरात: आज श्रीमंत, उद्या तुमची पेन्शन.

"माझ्या पेन्शनवर कर नाही, हार्लन. कधीच नव्हता."

"नव्हता! आज नाही. एकदा ह्या लोकांना वेगवेगळे टक्के लावायची मुभा दिलीस ना, की हात कुठवर जाईल सांगता येतं का? आधी माझ्या खिशात, मग तुझ्या. आणि एडचं काय झालं ते तू विसरलीस?"

व्हर्ना विसरली नव्हती. तिचा नवरा एड तेहेतीस वर्षं खाणीत उतरला. कंपनीनं दिवाळं काढलं आणि एका पानाच्या पत्रानं त्याची पेन्शन आणि औषधपाणी दोन्ही गेलं. छातीत काजळी भरलेला तो माणूस शेवटचे आठ महिने खुर्चीत बसून ते पत्र वाचायचा. तेव्हापासून पोस्टातून लांब पाकीट आलं की व्हर्ना ते उभ्याउभ्याच फोडायची. शाळेची पेन्शन हा तिचा एकुलता एक आधार होता.

"पण लायलचं घर..." ती म्हणाली.

"अगं, घराचं काहीतरी होतंच. दर वर्षी बंद करतो, बंद करतो म्हणून ओरडतात. बंद केलंय का कधी? आणि काही लागलं तर मी मेलोय का?" त्यानं पत्रक फ्रिजवर चुंबकाखाली लावून दिलं आणि उरलेला एक तुकडा तोंडात टाकून गेला.

त्या रविवारी ट्वायला लायलला जेवायला घेऊन आली. ट्वायला वॉलनट स्ट्रीटच्या घरात काम करायची, वय छत्तीस, दोन मुली, आणि तिथली पाळी संपली की पेट्रोल पंपावर दुसरी पाळी. लायलला आंघोळ घालणं, गोळ्या देणं, फिट आली की कुशीवर वळवून घड्याळ बघत बसणं, सगळं तीच करायची. लायल पाय पुसत आत आला आणि आल्याआल्या म्हणाला, "मॉम, मी मत दिलं! पाकिटात घालून! घराला दिलं!"

"पोस्टानं मतपत्रिका आली, त्यानं स्वतः वाचलं हं," ट्वायला म्हणाली. "मी बोटसुद्धा लावलं नाही. आम्हाला परवानगीच नाही. दोनदा वाचलं आणि मग मला खोलीबाहेर काढलं."

"गुप्त असतं," लायल म्हणाला.

"मग गावभर काय सांगत सुटलास?" व्हर्नानं त्याच्या टोपीवर टपली मारली. तो हसत टीव्हीपुढे जाऊन बसला. ट्वायलाचं लक्ष टेबलावरच्या पत्रकाकडे गेलं. व्हर्नानं ते हॉलच्या फ्रिजवरून काढून घरी आणलं होतं, का ते तिचं तिलाच माहीत.

"हार्लन?"

"हो. तो म्हणतो पेन्शन..."

"व्हर्ना, त्यांना पेन्शनवर कर लावायचाच असता ना, तर आजच्या कायद्यानंही लावता आला असता. त्यासाठी घटना बदलायची गरजच नाही. तुम्हाला घाबरवतायत हो." ट्वायलानं खुर्ची ओढली. "माझ्या शंभर डॉलरमधले चार डॉलर पंच्याण्णव सेंट राज्य घेतं. हार्लनच्या शंभरातलेही चार पंच्याण्णवच."

"म्हणजे सारखंच की."

"सारखं? माझे गेले की मुलीचे बूट पुढच्या महिन्यावर जातात. त्याचे गेले की काय पुढं ढकलतो तो?"

"त्यानं कष्टानं मिळवलंय, ट्वायला."

"आणि मी काय झोपा काढते?"

व्हर्नाला हसू आलं. ट्वायला मात्र हसली नाही. "शुक्रवारी तुम्ही डब्यात किती टाकता?"

"तीन. कधी दोन."

"आणि तो पन्नास."

"हो, पण हिशोब केला तर त्याचे पन्नास आणि माझे तीन एकाच टक्क्यात बसतील." व्हर्नानं एकोणतीस वर्षं शाळेचा शिधा मोजला होता. तिला कुणी आकड्यात गुंडाळू शकत नव्हतं.

"तेच तर म्हणते मी! टक्का एकच. पण तीन टाकलेत की तुम्ही शनिवारी अंडी घेत नाही. मला माहितीय, मी बघते तुमचा फ्रिज. पन्नास टाकून तो शनिवारी काय घेत नाही, सांगा ना? लायल टक्के विचारतो का कुणाला? तो म्हणतो, जमेल तेवढं. ज्याला जास्त जमतं त्यानं जास्त. एवढंच मागतोय आम्ही. वर्षाला अडीच लाख डॉलरच्या आत मिळवणाऱ्या कुणाचाही एक सेंट वाढत नाहीये. ऑर्डेलमध्ये असे किती आहेत? हार्लन, डॉक्टर, आणि तो धान्याच्या कोठाराचा मालक. तिघांसाठी सगळं गाव घाबरून बसलंय."

व्हर्नाला पटलं. खरंच पटलं, वरवर नव्हे. पत्रक तिनं कचऱ्यात टाकलं. जाताना लायलनं दारात तिचा हात धरला. "तू पण घराला देशील ना, मॉम?"

"देईन रे राजा."

पोस्टानं आलेली व्हर्नाची मतपत्रिका आठ दिवस टेबलावर पडून होती. शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी व्हर्ना काळं पेन घेऊन बसली. प्रश्न सगळ्यात वर होता. दोन लहान गोल, एक हो, एक नाही. तिनं पेन हो वर नेलं, आणि त्याच वेळी पोस्टमननं दारावरच्या टपालपेटीचं झाकण वाजवलं. त्यानं टाकलेल्या टपालात एक लांब पाकीट होतं. खुबा धरत ती दारापर्यंत गेली. पाकीट पेन्शन खात्याकडून होतं. तिनं ते दारातच फोडलं. आत होतं काय, तर पत्ता बदलला असल्यास कळवा. बस. दरवर्षी येतं ते.

पण धसका बसायचा तो बसलाच. ती परत टेबलाशी आली तेव्हा तिला एड दिसत होता, खुर्चीतला, ते एक पान हातात धरलेला. ट्वायलाचं बोलणं आठवायचा तिनं प्रयत्न केला. अंडी आठवली, बूट आठवले, पण ते कशाला कसे जोडायचे ते आठवेना. तिला वाटलं, आपल्या एका मतानं काय होतंय? लोक देतीलच हो. लायलचं घर लोक वाचवतील, आपण आपली पेन्शन वाचवू. तिनं नाही चा गोल काळा केला, पाकीट बंद केलं आणि विचार बदलायच्या आत कोर्टाच्या दारातल्या मतपेटीत टाकून आली. येताना वॉलनट स्ट्रीटवरून आली नाही. लांबचा रस्ता घेतला.

हार्लननं शुक्रवारी विचारलं, "दिलंस?"

"दिलं."

"नाही ना?"

"नाही," ती म्हणाली आणि कढईत मासे सोडले.

लायलनंही विचारलं. त्याला तिनं सांगितलं, "घराला दिलं." तो इतका खूश झाला की मास्कमधूनच त्यानं तिच्या गालाचा मुका घेतला.

प्रस्ताव पडला. थोडक्यात नव्हे, चांगलाच पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी हार्लनचा फोन: "वाचली बघ तुझी पेन्शन!" जानेवारीत संस्थेचं दुसरं पत्र आलं. एकतीस मार्चला घर बंद. चार जण चार गावी, जिथं पलंग रिकामा असेल तिथं. लायलला उत्तरेला तीन तासांवरचं सरकारी केंद्र मिळालं. व्हर्नानं संस्थेला फोन करून विचारलं, मी त्याला घरी आणलं तर? त्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, फिट आली तर तुम्ही त्याला उचलू शकाल का, मिसेस स्टँकस? व्हर्नानं फोन ठेवला.

सगळ्यात वाईट होते ते पुढचे तीन महिने. लायल येईल-जाईल त्याला सांगायचा, "माझ्या मॉमनं आमच्या घराला मत दिलं. लोकांनी नाही दिलं." शेजारणीला सांगितलं, पाद्र्याला सांगितलं, औषधाच्या दुकानात सांगितलं. त्याच्याबरोबर त्या घरात राहणारा बेनी रडायला लागला की त्याला जवळ घेऊन म्हणायचा, "माझ्या मॉमनं दिलं होतं रे." ट्वायला एकदा व्हर्नाच्या गळ्यात पडून रडली. "निदान तुम्ही तरी. ह्या गावात निदान एकीनं तरी." व्हर्ना तिची पाठ थोपटत राहिली. ह्यापेक्षा ट्वायलानं तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं.

मार्चचा शेवटचा शुक्रवार आला. ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस असल्यामुळे गाड्यांची रांग पार चर्चपर्यंत गेली होती. लायलचा शेवटचा डबा म्हणून सगळं गाव आलं होतं. नाही म्हणणारं सगळं गाव, असं म्हटलं तरी चालेल. प्रत्येक खिडकीतून नोटा बाहेर येत होत्या. दोन डॉलरवाले भाऊसुद्धा पाच-पाच टाकून गेले. ट्वायला लायलच्या मागं दुसरा रिकामा डबा घेऊन फिरत होती, कारण पहिला कधीच भरला होता.

हार्लन गाडीतून उतरून आला. त्याचे डोळे लाल होते, आणि ते नाटक नव्हतं. त्यानं शंभराची नोट काढली, ह्या वेळी कुणाला न दाखवता दुमडून डब्यात घातली. "हे गावाचं नाही, लायल. तुझं. तिकडं काही लागलं तर."

"थँक्यू सर," लायल म्हणाला. आणि मग, "तुम्ही घराला मत दिलं होतं?"

हार्लन गोंधळला. "मी... नाही रे. ते जरा वेगळं प्रकरण होतं."

"माझ्या मॉमनं दिलं."

व्हर्ना नेमकी तेव्हाच तळलेल्या माशांचा ट्रे घेऊन दारात आली होती. हार्लननं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या मनात काही कपट नव्हतं. पण माणसाला एकटंच दोषी ठरायला नको वाटतं. "आता तूच सांग की ह्याला, व्हर्ना," तो म्हणाला. "आपण दोघांनीही काही वाईट म्हणून नाही दिलं. तू पण नाहीच दिलंस, मी पण नाही. घर बंद पडावं असं आपल्याला थोडंच वाटत होतं?"

ट्रे तिच्या हातातून पडला नाही. तिनं तो नीट टेबलावर ठेवला. ट्वायला हातातला रिकामा डबा घेऊन तशीच उभी होती. तिनं व्हर्नाकडे एकदा पाहिलं, आणि मग परत पाहिलंच नाही, त्या दिवशी नाही आणि पुढंही कधी नाही.

"मॉम?" लायल म्हणाला.

"मला भीती वाटली रे," व्हर्ना म्हणाली. "मी खोटं बोलले. मला पैशांची भीती वाटली."

लायल विचार करत राहिला. त्याला विचार करायला वेळ लागायचा, आणि गावाला ते माहीत होतं, त्यामुळे मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला नाही. मग तो डबा घेऊन आईपाशी आला. त्याच्याकडे एक पद्धत होती. कुणी न टाकता पुढं सरकलं की तो भांडायचा नाही, फक्त डबा त्याच्यासमोर धरून उभा राहायचा, टाकेपर्यंत. तसाच त्यानं तो तिच्यासमोर धरला.

"जमेल तेवढं, मॉम."

तिनं एप्रनचे खिसे चाचपले. हात पिठानं भरलेले होते आणि खिशात काही नव्हतं. पर्स घरी होती. तो डबा धरून उभाच राहिला. शेवटी हार्लननं पुढं होऊन एक डॉलर तिच्या हातात कोंबायचा प्रयत्न केला, तर लायल म्हणाला, "तुमचं नाही. तिचं." तिच्याकडे काही नाही हे कळायला त्याला थोडा वेळ गेला. मग तो म्हणाला, "ठीक आहे. थँक्यू, मॅम," आणि पुढच्या गाडीकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिला मॅम म्हटलं.

पाच दिवसांनी संस्थेची गाडी आली. दोन पिशव्या, हिरवी टोपी, आणि गोळ्यांचा डबा. ट्वायलानं त्याला सीटचा पट्टा लावून दिला.

पेन्शन दर महिन्याला वेळेवर जमा होते. पूर्ण. एक सेंटही कापला जात नाही.

व्हर्नाला महामार्गावर गाडी चालवता येत नाही, त्यामुळे दर रविवारी तीन वाजता फोन. लायल जेवणात काय होतं ते सांगतो, नव्या जागी दोनदा फिट आली ते सांगतो, तेव्हा तिथं कोण होतं ते मात्र त्याला आठवत नाही. घराबद्दल तो काही विचारत नाही. एकच प्रश्न दर वेळी विचारतो.

"मॉम, डबा आता कोण धरतं?"

"मी."

"आणि म्हणतेस ना?"

शुक्रवारी ती दारात उभी असते. गाड्या येतात, खिडक्या खाली होतात, ती डबा पुढं करते. तोंड उघडतं, पण आजवर एकदाही ते दोन शब्द बाहेर आलेले नाहीत.

"म्हणते रे राजा," व्हर्ना सांगते. "सगळ्यांना म्हणते."